फुकटची छत्री, विकतची छत्री

आमच्या गल्लीत घरं चौदा आणि छत्र्या सतरा. या छत्र्या पावसाच्या नव्हेत. जळकोटात पावसाची छत्री वर्षातून महिनाभर उघडते, आणि ज्या वर्षी आम्ही नवी घेतो त्या वर्षी तेवढीही उघडत नाही. मी म्हणतो त्या छत्र्या गच्चीवरच्या, पत्र्यावरच्या, टी.व्ही.च्या. चौदा घरांना सतरा कशा, असा हिशेबी प्रश्न कुणी विचारील, म्हणून सांगतो. तीन घरांनी विकतची छत्री सोडून फुकटची घेतली, पण जुनी खाली उतरवली नाही. उतरवली तर भिंतीतली भोकं दिसतात आणि भोकं बुजवायला गवंडी लागतो. त्या तीन घरांतलं एक घर आमचं.

मी बँकेत क्लार्क आहे. बी.कॉम., दुसरी श्रेणी. बावीस वर्षं लोकांच्या जमा-नावेच्या नोंदी करतो आहे, त्यामुळे कुठलीही गोष्ट समोर आली की तिच्या मधोमध उभी रेघ मारून डावी-उजवी बाजू लिहिण्याची मला खोड लागली आहे. लग्नाच्या वेळीसुद्धा मी अशी रेघ मारली होती. तो कागद पुढे सौ.ला सापडला. असो.

तर फुकटची छत्री बरी की विकतची, या प्रश्नावर टीकालेख लिहावा असं फार दिवस मनात होतं. मराठी भाषेचं या बाबतीतलं मत पाहू गेलं तर ती दोन्ही दगडांवर पाय ठेवून उभी आहे. ‘फुकट ते पौष्टिक’ हीच म्हणते आणि ‘विकतचं दुखणं’ही हीच म्हणते. यावरून भाषा फुकटच्या बाजूची आहे असं वाटेल. पण कुणाला तोंडावर ‘फुकट्या’ म्हणून बघा. म्हणजे वस्तू फुकट असावी, माणूस मात्र फुकट्या नसावा, असा एकूण आपला आग्रह दिसतो.

माझ्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता. मुंबईचं दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. पण तिथून आमच्या गल्लीपर्यंत चित्र पोचायला ऐंशीचं दशक सरत आलं. त्याआधी एकदा संधी हुकली होती. १९७५-७६ मध्ये वर्षभर सरकारनं अमेरिकेचा एक उपग्रह उसना घेऊन सहा राज्यांतल्या दोन हजार चारशे खेड्यांना टी.व्ही. दाखवला. ‘साइट’ नावाचा तो प्रयोग. त्या यादीत शेजारचं कर्नाटक होतं, तेव्हाचं आंध्र होतं, महाराष्ट्र नव्हता. आम्ही तेव्हा उदगीर तालुक्यात (जळकोट स्वतः तालुका झालं ते १९९९ साली), म्हणजे दोन्ही राज्यांच्या उंबऱ्यावर. जेवणाची पंगत शेजारी, वास आमच्याकडे, असा प्रकार.

पुढे गल्लीत एक टी.व्ही. आला, तो समोरच्या अक्कांच्या घरी. त्यांचे मालक एस.टी.त कंडक्टर होते. कृष्णधवल संच, त्याला लाकडी दारं, दारांना कुलूप. अँटेना उंच पाइपावर, तोंड पश्चिमेला, अंबाजोगाईच्या टॉवरकडे. एक जण पत्र्यावर, एक अंगणात, एक टी.व्ही.पुढे. “आलं का?” “आलं! आलं! गेलं!” पडद्यावर मुंग्या इतक्या की महाभारतात श्रीकृष्णानं विश्वरूप दाखवलं त्या रविवारी आम्हाला फक्त मुंग्याच दिसल्या. तरी म्हाताऱ्यांनी हात जोडले. मी अक्कांच्या ओसरीवर सतरंजीच्या काठाला बसलेलो असे. तिकीट नव्हतं. अट एकच, चपला ओळीत काढायच्या. तीही कंडक्टरसाहेब घरी असले तरच.

मग आकाशात बाजार भरला. खासगी कंपन्यांची छत्री २००३ पासून विकली जाऊ लागली. १६ डिसेंबर २००४ ला पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते सरकारी छत्री उघडली. तिचं तेव्हाचं नाव डीडी डायरेक्ट प्लस, वाहिन्या तेहेतीस, महिन्याचं भाडं शून्य. तीच आजची डीडी फ्री डिश. चार कोटींहून जास्त घरांत ती असावी असे अंदाज आहेत. आणि जुने टॉवर? प्रसारभारतीनं त्यांतले बहुतेक २०२२ पर्यंत बंद केले. एके काळी पश्चिमेला तोंड करून उभी असलेली गल्ली आता आग्नेयेला तोंड करून उभी आहे, कारण फ्री डिशचा उपग्रह तिकडे विषुववृत्तावर छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर टांगलेला आहे. आमचे एक साडू वास्तुशास्त्र जाणतात. ते म्हणाले, आग्नेय ही स्वयंपाकघराची दिशा. आता मालिकांत नेमकं काय शिजतं ते सगळे पाहतोच आहोत.

मी विकतची छत्री घेतली ती २०११ साली, क्रिकेटच्या वर्ल्ड कपच्या तोंडावर. कंपनीचं नाव सांगत नाही. तिच्याकडे माझा नंबर आहे आणि ती तो वापरते. पुढची आठ वर्षं मी निमूटपणे पैसे भरले. पाकीट घ्या म्हणाले, पाकीट घेतलं. पाकिटात काय आहे हे लग्नाच्या अहेरासारखं उघडून बघायचं नसतं.

पण १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायनं नवी पद्धत आणली आणि माझ्यातला वाणिज्य पदवीधर उठून बसला. ग्राहकानं आपल्याला हव्या त्याच वाहिन्या निवडाव्यात, तेवढ्याचेच पैसे द्यावेत, अशी ती योजना. ऐकायला गोड. शंभर वाहिन्यांपर्यंत नुसतं जोडणीचं भाडं जास्तीत जास्त १३० रुपये, त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. विकतच्या वाहिनीची किंमत वर वेगळी. गंमत अशी, की या शंभरात फुकटच्या वाहिन्याही मोजायच्या. म्हणजे ज्या वाहिन्या समोरच्या घरी शून्य रुपयांत दिसतात त्या माझ्याकडे १५३ रुपये ४० पैशांत. पुढे २०२० मध्ये तेवढ्याच पैशांत दोनशे वाहिन्या झाल्या, आणि २०२४ मध्ये ट्रायनं या भाड्यावरची मर्यादाच काढून टाकली.

निवडायला म्हणून मी यादी घेऊन बसलो. बँकेत आम्ही लोकांना सतरा पानी फॉर्म देतो, त्याची शिक्षा इथे मिळाली. एकेक वाहिनी घ्यावी तर महाग, जुडीनं घ्यावी तर स्वस्त. मेथीच्या जुडीत आत दुसरंच गवत बांधलेलं असतं, तशी एका मराठी वाहिनीबरोबर इतकी परकी मंडळी घरात आली की त्यांची भाषा ओळखण्यातच आठवडा गेला. निवडीचं स्वातंत्र्य संपूर्ण उपभोगून मी शेवटी जुडीच घेतली. बहुतेक सगळ्यांनी तेच केलं असणार.

मग गेल्या वर्षी मी एक वही घातली. महिनाभर घरात कोण काय बघतं, किती वेळ बघतं, याची रोजच्या रोज नोंद. वाहिन्या दिसत होत्या २१४. कुणी ना कुणी पाहिल्या नऊ. सलग दहा मिनिटांहून जास्त वेळ पाहिल्या त्या पाच. आई संध्याकाळी सातपासून साडेआठपर्यंत दोन मराठी मालिका बघते. सौ. त्यांतली एकच बघते, पण आईच्या विरुद्ध पक्षातून. आठवीतली मुलगी टी.व्ही.समोर बसून मोबाईल बघते. मी रात्री नऊला बातम्या लावतो, म्हणजे चौकटीत बसवलेली सहा माणसं एकाच वेळी ओरडतात ते. उरलेला सगळा वेळ मी काय बघत होतो? वहीत प्रामाणिकपणे लिहिलं आहे: ‘रिमोट’. महिन्याचे ३५२ रुपये भागिले पाच वाहिन्या, म्हणजे एकीला ७० रुपये ४० पैसे. घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम बी.कॉम.ला लाडूंच्या उदाहरणानं शिकवला होता. पाचव्या लाडवानंतर समाधान कमी होतं म्हणे. इथे २०९ लाडू ताटात तसेच राहिले होते आणि बिल सगळ्यांचं आलं होतं.

आता विकतच्या छत्रीवरची माझी मुख्य टीका. पैसे देऊन माणसाला काय मिळावं? निदान जाहिरातींतून सुटका मिळावी. तर तसं नाही. नियम तासाला बारा मिनिटं म्हणतो, त्यांतली दोन वाहिनीच्या स्वतःच्या कौतुकाची. ती बारा मिनिटं विकतच्या वाहिनीलाही आहेत आणि फुकटच्याही. म्हणजे रिझर्व्हेशनचं तिकीट काढून एस.टी.त शिरावं आणि कंडक्टरनं सांगावं, उभे राहा, बसायची पद्धत आमच्याकडे नाही.

त्यातून क्रिकेट. २००७ चा एक कायदा आहे. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं चित्रण खासगी वाहिनीनं प्रसारभारतीलाही द्यायचं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की हे चित्रण दूरदर्शननं स्वतःच्या टॉवरवरून आणि फ्री डिशवरून दाखवावं. खासगी केबल आणि खासगी छत्रीवाल्यांना ते मिळणार नाही. कायद्याच्या दृष्टीनं रास्त असेल. परिणाम असा, की अक्कांच्या फुकटच्या छत्रीत डीडी स्पोर्ट्सवर सामना, आणि तेव्हा आमच्या विकतच्या छत्रीत त्याच डीडी स्पोर्ट्सवर भलताच कार्यक्रम. सामना बघायचा तर क्रीडा वाहिनीची वेगळी जुडी. १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादला आपण अंतिम सामना हरलो. तो पराभव मी पैसे भरून पाहिला. अक्कांच्या नातवानं तोच पराभव फुकट पाहिला, आणि माझ्यापेक्षा कमी दुःखी होता.

विकतच्या बाजूचं हे झालं. पण टीका करायची तर दोन्ही वह्या तपासल्या पाहिजेत.

या प्रश्नावर मोठमोठ्या लोकांनी डोकं चालवलं आहे. पॉल सॅम्युएलसन हे नाव आम्ही अर्थशास्त्राच्या पेपरापुरतं पाठ केलं होतं. त्यांनी १९५८ च्या एका लेखात नेमका टी.व्ही.चाच दाखला घेतला. माझ्या काउंटरवरची नोट एकाला दिली की दुसऱ्याला देता येत नाही. चित्राचं तसं नाही. आणखी एका घरानं पाहिलं म्हणून आकाशातलं चित्र झिजत नाही, त्या घराचा जादा खर्च शून्य. तेव्हा त्याला कुलूप लावता येतं, एवढ्यावरून ते लावणं योग्य ठरत नाही, असा त्यांचा मुद्दा. यावर जोरा मिनासियन नावाच्या अर्थतज्ज्ञानं १९६४ मध्ये उलट बाजू मांडली. बघणारा पैसे देत नसेल तर त्याला काय हवं ते कळणार कसं? मग जाहिरातवाल्याला हवं तेच दिसणार. मला हे दोघेही पटतात. बँकेतही मी असाच आहे. म्हणून क्लार्क राहिलो.

फुकटच्या छत्रीपुढे एक महिना बसा, मिनासियन पटायला लागतो. द्विनोंदी पद्धतीत जिथं जमा आहे तिथं नावे असतंच. फ्री डिशवर खासगी वाहिन्या येतात त्या लिलावात जागा विकत घेऊन. २०२३ च्या लिलावात प्रसारभारतीला हजार कोटींहून जास्त मिळाले. हे पैसे वाहिनी कुठून काढणार? गुडघेदुखीच्या तेलातून. केस उगवणाऱ्या तेलातून. तेच तेल दोन्हीकडे चालतं की काय असा मला संशय आहे. परवडेनासं झालं की वाहिनी निघून जाते. मोठ्या कंपन्यांच्या फुकट हिंदी वाहिन्या मार्च २०१९ मध्ये एकदम निघून गेल्या, २०२० मध्ये परत आल्या, २०२२ मध्ये पुन्हा गेल्या. माहेरवाशिणीचंसुद्धा येण्याजाण्याचं काही वेळापत्रक असतं. मराठीचं म्हणाल तर सह्याद्री आहेच. फक्त मराठी, शेमारू मराठीबाणा अशा वाहिन्याही या छत्रीत दिसल्या. पण एकूण वाटणी अशी, की चालू असलेली मालिका विकतच्या छत्रीत आणि संपलेली फुकटच्या. नवरा-बायकोचं भांडण इकडे पेटत असतं, तिकडे त्याच भांडणाचं दुसऱ्यांदा लग्न लागत असतं.

तरी या छत्रीच्या जमेला एक नोंद आहे ती मी खोडू देणार नाही. २०२० साली शाळा बंद होत्या. मुलगी तिसरीत. शिक्षक मोबाईलवर धडे पाठवत आणि आमच्याकडे मोबाईलला रेंज फक्त गच्चीच्या एका कोपऱ्यात. जुलैपासून सह्याद्रीवर पहिली ते आठवीच्या पोरांसाठी ‘टिलीमिली’ लागू लागलं. सह्याद्री आमच्याही टी.व्ही.वर दिसायचं. पण पोरगी तोंडाला रुमाल बांधून अक्कांच्या ओसरीवर जायची. गल्लीतली पाच पोरं तिथं हातभर अंतरानं बसलेली असत. “घरी तेच लागतं की,” मी म्हणालो. ती म्हणाली, “तिथं चुकलं की सगळे हसतात.” मला वाटलं, हे काय कारण झालं? मी ते वहीत लिहिलं नाही.

तर गेल्या दिवाळीनंतर मी निर्णय घेतला. दोन्ही बाजूंची बेरीज केली, फरक काढला, खाली दोन रेघा मारल्या. विकतची छत्री बंद. उदगीरहून सोळाशे रुपयांत फुकटच्या छत्रीचा डबा आणला. बसवायला आलेला पोरगा म्हणाला, “साहेब, आता आयुष्यभर रिचार्ज नाही.”

“कुणाच्या आयुष्यभर?” मी जामिनाचा फॉर्म भरून घेताना विचारतो त्या स्वरात विचारलं.

“डब्याच्या,” तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी वानर छत्रीवर बसलं आणि उपग्रह हरवला, पण वानर विकत-फुकट बघून बसत नाही, म्हणून ती नोंद मी कुठल्याच बाजूला धरत नाही.

सौ.नं तक्रार केली. मुलीला काय झालं ते कळलंच नाही. आईनं मात्र तक्रार केली नाही. माणूस तक्रार करील तर त्याच्याकडून अर्ज लिहून घेता येतो, पावती देता येते. आई म्हणाली, “चालतंय की. मला काय, कायबी बघते मी.” आणि आठवड्याभरानं एक दिवस सात वाजता तिची खुर्ची रिकामी.

“आई कुठंय?”

“अक्कांकडं गेल्यात,” सौ. म्हणाली. “रोजच जायल्यात. तुम्ही आज बघितलं.”

मला चटका बसला. बँकेत असलेल्या मुलाची आई, सत्तरी उलटलेली, गुडघे धरून दोन पायऱ्या उतरून, रस्ता ओलांडून दुसऱ्याच्या घरी मालिका बघायला जाते! ३५२ रुपयांसाठी! सतरंजीच्या काठाला बसणं माझ्या वाट्याला आलं होतं ते ठीक, घरात टी.व्ही. नव्हता. आता तिच्या वाट्याला का? शिवाय गल्ली काय म्हणेल, हाही विचार आलाच. खरं सांगायचं तर तो आधी आला.

दुसऱ्याच दिवशी मी कंपनीला फोन केला. तिला इतका आनंद झाला की दहा मिनिटं तिनं मला नुसतं संगीत ऐकवलं. ३५२ रुपये भरले, वायर पुन्हा जोडायला माणसाला दोनशे दिले. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. संध्याकाळी सातला आईची मालिका लावली, आवाज मोठा केला, खुर्चीवर गादी ठेवली आणि हाक मारली.

आई आली, पडद्याकडे बघितलं, म्हणाली, “लागलं व्हय? बरं झालं. तू बघ, मी येते जाऊन.” आणि लसणाची वाटी घेऊन निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. सौ. समोर बसून मालिका बघत होती. पण विरोधी पक्षच नसल्यामुळे तिचंही मन लागत नव्हतं. चौथ्या दिवशी अक्कांची एक वाटी आमच्याकडे राहिली होती ती परत द्यायचं निमित्त करून मी गेलो.

ओसरी तीच. कंडक्टरसाहेब जाऊन बारा वर्षं झाली, फोटो टी.व्ही.च्या वर. सहा बायका अर्धगोल करून बसलेल्या. कुणाच्या पुढ्यात तुरीचं सूप, कुणाच्या लसूण. टी.व्ही. भिंतीवरचा, चपटा, आणि छत्री फुकटचीच! पडद्यावर चार वर्षांपूर्वी संपलेली मालिका चालू होती. आईनं ती आमच्या घरी विकतच्या छत्रीत पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली होती.

“आता ही जिन्यावरून पडती बघा,” आई सांगत होती.

“मागल्या बारीला पण पडली की!” एक जण म्हणाली.

“तवा मी लातूरला दवाखान्यात होते. माझं पडलेलं बघायचं ऱ्हायलं,” अक्का म्हणाल्या. “गप बसा, बघू द्या मला.”

ती पडली. सगळ्या हळहळल्या. मग जाहिराती लागल्या, आणि मी बघत राहिलो. त्या बारा मिनिटांवर मी या लेखात इतकी टीका केली आहे. पण त्या ओसरीवर खरा कार्यक्रम तेव्हा सुरू होत होता. गुडघ्याच्या तेलाची जाहिरात लागली की प्रत्येकीच्या गुडघ्याची चौकशी. कुणाच्या नातीला स्थळ आलंय, मुलगा पुण्यात, पण पगार सांगत नाही. सोयाबीन विकावं की ठेवावं. कुणाची सून बोलत नाही, कुणाची फार बोलते. मालिका पुन्हा सुरू झाली की अर्धं वाक्य तसंच सोडून सगळ्या पडद्याकडे, आणि पुढच्या जाहिरातीला त्याच शब्दापासून पुढे. वाहिनीवाल्यांनासुद्धा ‘क्रमशः’ इतकं नीट जमत नाही.

परत येताना पायरीवर आईला हात दिला. म्हणालो, “आई, घरी तुझी चालू मालिका लावून दिली की. कामून येत नाहीस?”

ती म्हणाली, “घरी मी बोलले की तू ‘शू’ म्हणतोस.”

रस्ता ओलांडायला असा किती वेळ लागतो? आम्हाला बराच लागला. मी ‘शू’ म्हणतो, हे मला माहीत नव्हतं. रात्री वही काढली. रकाने चार आखले होते: तारीख, वाहिनी, वेळ, कोण. त्या वेळी शेजारी कोण बसलं होतं, हा रकाना मी आखलाच नव्हता. आखला असता तर आईच्या नावापुढे महिनाभर काय लिहावं लागलं असतं, ते माझ्या लक्षात आलं. मी वही मिटली.

आता वाचक म्हणतील, हे सगळं ठीक आहे. टीकाकारानं निकाल द्यावा. घ्यावी कोणती? देतो. भारताचे मोठे सामने, जुने मराठी सिनेमे, पोरांचे शाळेचे धडे आणि संपलेल्या मालिका एवढ्यावर ज्याचं भागतं त्यानं फुकटची घ्यावी. डब्याचे पैसे सहा महिन्यांत वसूल होतात. ज्याला चालू मालिका चुकवता येत नाही त्यानं विकतची घ्यावी, पण यादी घेऊन बसावं, एकेका वाहिनीची किंमत विचारावी आणि जुडीच्या मोहात पडू नये. मी पडलो होतो, म्हणून सांगतो. आणि दोन्ही घेऊ नयेत. आमच्याकडे दोन्ही आहेत. विकतच्या छत्रीचे अजून एकोणीस दिवस शिल्लक आहेत आणि तिच्यात कुणीच व्यवहार करत नाही. बँकेत अशा खात्याला आम्ही निष्क्रिय म्हणतो आणि दोन वर्षं वाट बघतो.

काल सात वाजता मीही अक्कांकडे गेलो. चपला सवयीनं ओळीत काढल्या. अक्कांनी काही न विचारता निवडायला तुरीचं सूप पुढे सरकवलं. जाहिराती लागल्या तेव्हा पीककर्जाचे दोन प्रश्न आले आणि केवायसीचा एक. बँकेत या तीन प्रश्नांना टोकन लागतं, रांग लागते, आणि बहुधा ‘उद्या या’ लागतं. तिथं मी सगळी उत्तरं फुकट दिली.